सिरोसिसमधला भ्रम: लॅक्टुलोज किती, डाळ-दूध बंद का, दवाखान्यात कधी न्यायचं?

मार्कंडेय_काठ
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मेडिकल दुकानांत आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला एकपानी मराठी माहितीपत्रक करायचं चाललंय. विषय एकच: लिव्हर सिरोसिसच्या (लिव्हर कडक होऊन निकामी होत जातं त्या आजाराच्या) पेशंटला येणारा भ्रम, म्हणजे हेपॅटिक एन्सेफॅलोपथी. लिव्हरनं साफ करायचा अमोनिया रक्तात साठून मेंदूपर्यंत पोचतो, म्हणून हा होतो. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, सिस्टर समजावणार कन्नडमध्ये, आणि घरी औषध पाजणारी आजी मराठी चौथी शिकलेली. यात डोस कुठंतरी सांडतो.

गावात फिरणारे सल्ले असे: डाळ, दूध, अंडी बंद करा, लॅक्टुलोजचं सिरप तीन वेळा, बाटली संपली की बंद, रात्री बडबडतोय तर झोपेची गोळी द्या, दर आठवड्याला अमोनिया तपासा. यातलं काय ठेवायचं, काय खोडायचं? आकडे देऊन लिहा. 'डॉक्टरांना विचारा' एवढ्यावर धागा संपवू नका, तेवढं सगळ्यांना कळतं.

रात्रपाळी
सगळेच खोडा. पण आधी ओळखायचं कसं ते लिहा, कारण उशीर तिथंच होतो.

पहिली खूण बहुतेक वेळा झोपेची. पेशंट दिवसा पेंगतो आणि रात्री टक्क जागा. मग चिडचिड, एकच प्रश्न परत परत, पैसे मोजताना गोंधळ, सही वाकडी येणं. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर वार चुकतो, वागणं विचित्र होतं, नको तिथं लघवी होते. तिसरीत गुंगी, हाक मारली तर डोळे उघडतो पण बोलणं असंबद्ध. चौथी म्हणजे कोमा. याच्याही आधीची एक छुपी पायरी असते, बोलण्यावरून काही कळत नाही पण गाडी चालवताना हात-डोळ्याचा मेळ चुकतो. म्हणून एकदा भ्रमाचा झटका येऊन गेला असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुचाकीची किल्ली काढून ठेवायची.

घरी करायची एक चाचणी: दोन्ही हात समोर ताठ, मनगटं मागे वळवलेली, बोटं फाकवलेली, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तशी. अर्धा मिनिट धरायला सांगा. मनगटं मधूनच खाली पडून परत झटक्यानं वर येत असतील तर अमोनियाचा परिणाम चालू झालाय असं धरून चाला. किडनी निकामी झाली तरी असं होतं, पण दवाखाना दोन्हीला लागतोच.

शेंगदाणे_पोळी
आणि शेजारीपाजारी म्हणणार, 'आज परत टाकून आलाय बगा.' हे ठळक लिहा राव. पेशंट हिपॅटायटिस बी, सी किंवा फॅटी लिव्हरवाला असतो, आयुष्यात थेंब घेतलेला नसतो, तरी बोलणं जडावलं की गल्ली निकाल देऊन मोकळी.

अक्षरवेल
@रात्रपाळी, यात एक भर. एका मिनिटात जितके आठवतील तितके प्राणी सांगायला लावायचे. साधारण १५च्या खाली आले तर शंका, १०च्या आत आले तर चांगलीच. शिक्षण आणि वय बघून अंदाज घ्यायचा, नुसत्या आकड्यावर उडी नको. आपल्याकडची मेख अशी की ही चाचणी आणि 'आज वार कोणता, आपण कुठं आहोत' हे प्रश्न पेशंटच्याच भाषेत विचारले पाहिजेत. मराठी म्हाताऱ्याला कन्नडमध्ये विचारलं, तो गप्प बसला, की कागदावर 'भ्रमिष्ट' लागतं. उलटंही होतं, खरा भ्रम 'भाषा समजली नाही' म्हणून सुटतो. सोबतच्या माणसानं तिथंच थांबून मराठीत परत विचारावं.

तारीख विचारू नका, ती धडधाकट माणसालाही येत नाही. बाजाराचा वार कोणता, परवा अमावस्या झाली की पौर्णिमा, असं विचारा.

विजार_खिसा
शनिवारी सकाळी मला प्राणी विचारले तर मटणापुढं गाडी जाणार नाही. :)

औषधीकट्टा
आता लॅक्टुलोजचं. सगळ्यात जास्त घोळ इथंच, म्हणून सविस्तर लिहितो.

हे सिरप पोटात शोषलं जात नाही. मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि आतडं आम्लधर्मी होतं. त्या आम्लात अमोनिया अडकतो, रक्तात न जाता शौचावाटे बाहेर पडतो. म्हणजे ही नुसती जुलाबाची बाटली नाही. 'सारखंच आहे' म्हणून कोणी इसबगोल किंवा पॅराफिनचं पोट साफ होण्याचं औषध दिलं तर शौच होईल, पण ते आम्लाचं काम होणार नाही. लॅक्टिटॉल मात्र याच जातीचं आहे, डॉक्टरांना विचारून बदली चालतं.

चिठ्ठीवर १५ ते ३० मिली, दिवसातून दोन किंवा तीन वेळा असं असतं. पण तो आकडा म्हणजे सुरुवात. खरा डोस शौचावर ठरतो: दिवसाला २ ते ३ वेळा, मऊ. एकदाच झाली तर वाढवा. चारच्या वर पातळ झाली तर पुढचा डोस गाळा, नंतर कमी करून सुरू करा. हे 'वाढवा-कमी करा' डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच मिलीमध्ये लिहून घ्यायचं. म्हणजे रात्री दहाला सूनबाईला कुणाला फोन लावत बसावं लागत नाही.

बाटलीबरोबरच्या मापानंच मोजा. घरातले चमचे ५ मिलीपासून १५ मिलीपर्यंत कुठलेही असतात. गोड आणि चिकट लागतं म्हणून पेशंट तोंड फिरवतो. पाण्यात, लिंबूपाण्यात किंवा बिनमिठाच्या ताकात घालून दिलं तरी चालतं. पहिले काही दिवस पोट फुगतं, गॅस होतो, त्यासाठी औषध सोडायचं नाही. साखरेचा पेशंट असेल तर डॉक्टरांना सांगून ठेवा, यात थोडी लॅक्टोज-गॅलॅक्टोज असते.

आणि बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं नसतं. झटके परत येण्याचं मोठं कारण हेच. दोन दिवस पुरेल एवढं उरलं की नवी आणायची.

घाटउतार
जास्त जुलाब म्हणजे जास्त अमोनिया बाहेर, मग सहा-सात झाले तर बरंच की? आमच्याकडं तर असंच सांगतात.

रात्रपाळी
@घाटउतार, नाही. सहा-सात पातळ झाले की अंगातलं पाणी आणि पोटॅशियम जातं. पोटॅशियम कमी झालं की किडनी स्वतःच जास्त अमोनिया तयार करते. पाणी कमी झालं की किडनीवर ताण आणि रक्तातलं सोडियम बिघडतं. म्हणजे औषधानंच भ्रम वाढवला. पेशंट पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळीवर असेल, फ्युरोसेमाइड वगैरे, तर दुहेरी मार. जुलाब चालू असताना पाण्याची गोळी तशीच देत राहायची का, हे त्याच दिवशी फोनवर विचारायचं.

औषधीकट्टा
प्रवासाचं राहिलं. कोल्हापूरला किंवा गोव्याला बांबोळीला तपासणीला जायचं म्हणून आदल्या रात्रीपासून सिरप बंद करतात, एसटीत शौचाची सोय नाही म्हणून. मग ओपीडीच्या रांगेतच पेशंट बरळायला लागतो. पूर्ण बंद करू नका. सकाळचा डोस पोचल्यावर द्या, जास्तीचा एक कपडा घ्या, आणि जमत असेल तर रेल्वेनं जा.

नाचणी_आंबील
आहारावर मी. 'डाळ-दूध-अंडी बंद' हे खोडाच, मोठ्या अक्षरात खोडा. पूर्वी खरंच तसं सांगत, प्रथिनांपासून अमोनिया होतो म्हणून. पण लिव्हर कमजोर झालं की अमोनिया झेलायचं काम स्नायू करतात. प्रथिनं तोडली की स्नायू वितळतात, आणि झेलणाराच जातो. आताचं मार्गदर्शन वजनाच्या दर किलोला रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, आणि ३५ किलोकॅलरीच्या आसपास. वजन धरताना या आजारात पोटात साचलेलं पाणी वजा करून धरायचं.

५५ किलोच्या माणसाला ६६ ग्रॅम. आपल्या ताटात हे असं बसतं: ज्वारीच्या तीन भाकऱ्या (६० ग्रॅम पिठाची एक) १८, दोन वेळची घट्ट डाळ (६० ग्रॅम कच्ची) १३, दूध ४०० मिली १३, वाटीभर दही ५, मूठभर फुटाणे ६, एक अंडं ६, थोडा भात ४. बेरीज ६५ येते. अंडं चालत नसेल तर वाटीभर मोडाची उसळ. मटण-चिकनपेक्षा डाळ आणि दुधाची प्रथिनं या आजारात बरी सोसतात, शिवाय डाळीतला चोथा शौचाला मदत करतो. पण मांस खाणाऱ्याच्या पानातून चिकन काढलं आणि जागी काही ठेवलं नाही, तर तो उपाशीच मरेल.

पातळ सार म्हणजे डाळ नव्हे हेही लिहा. वर तरंगणारं पाणी वाढून 'डाळ दिली' म्हणतात.

कपिलेश्वर_रोड
पण आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, प्रोटीन बंद. आता फोरम मोठा की डॉक्टर?

नाचणी_आंबील
@कपिलेश्वर_रोड, पेशंट गुंगीत असताना गिळता येत नाही, तेव्हा तोंडानं काहीच देत नाहीत. ती एक-दोन दिवसांची सूचना डिस्चार्जनंतरही वर्षभर पाळली जाते. पुढच्या भेटीत सरळ विचारा: 'किती ग्रॅम प्रथिनं द्यायची, आकडा लिहा.' आकडा मागितला की उत्तर बदलतं.

दुसरं म्हणजे उपाशीपोट. सिरोसिसमध्ये लिव्हरचा साखरेचा साठा संपलेला असतो, रात्रभराच्या उपासात शरीर स्नायू जाळायला घेतं. म्हणून दिवसा तीन-चार तासांनी थोडं थोडं, आणि झोपण्याआधी ५० ग्रॅम कर्बोदकांचं काहीतरी. एक भाकरी आणि कपभर दूध एवढ्यात ते बसतं. नाचणीची आंबीलही चालते, मीठ न घालता.

उपासाचं घरातल्या मोठ्या बाईनंच सांगायला पाहिजे: एकादशी, संकष्टी, नवरात्र, सौंदत्तीच्या यात्रेचा उपास, यांतलं काहीही या पेशंटला नाही. साबुदाणा खाऊन केलेला उपास तर नाहीच, त्यात प्रथिनं जवळपास शून्य.

सांबरा_नाका
मीठ?

नाचणी_आंबील
पोटात पाणी असेल तर दिवसाला एकूण ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात भाजी, आमटी, भाकरी सगळं आलं. लोणचं, पापड, खारी, फरसाण, सांडगी मिरची हे हिशेबात बसतच नाही. सैंधव चालतं हा गैरसमज, तेही सोडियमच. आणि 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन (हीपण पाण्याचीच गोळी) घेणाऱ्याला ते दिलं तर पोटॅशियम इतकं वर जाईल की हृदयाचे ठोके बिघडतील. ते घरात आणूच नका.

विजार_खिसा
कुंदा?

नाचणी_आंबील
साखर ताब्यात असेल तर थोडा चालेल. दुधाचाच आहे. पाव किलोचा पुडा समोर ठेवून 'आंबील_ताईंनी सांगितलंय' म्हणू नका.

औषधीकट्टा
झोपेच्या गोळीचं. रात्रीचा जागेपणा हीच भ्रमाची खूण असताना त्यावर अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम दिलं तर माणूस सरळ तिसऱ्या पायरीवर जातो. दुकानदारांनाही हे पत्रक वाचायला द्या, 'अर्धी गोळी देऊ का' तिथूनच सुरू होतं. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि दुखण्याची ट्रामाडॉल यांनी गुंगीही येते, बद्धकोष्ठही होतं. सर्दीच्या गोळीतही झोप आणणारं औषध असतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या किडनी आणि जठर दोन्ही खराब करतात, जठरातून रक्त गेलं की त्याच रक्तापासून अमोनिया. दुखण्याला पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५००च्या चार गोळ्या, तेही दारू पूर्ण बंद असताना. रोज पित्ताची गोळी चालू असेल तर ती अजून लागते का ते विचारा, उगाच वर्षानुवर्षं घेतली तर संसर्ग आणि भ्रम दोन्हीचा धोका वाढलेला दिसतो.

गुळवेल_प्रेमी
एवढं सगळं रासायनिक. सकाळी गुळवेलीचा काढा आणि भुईआवळा, लिव्हर साफ.

रात्रपाळी
तुमचं नावच उत्तर देतंय. मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्यांत लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस छापल्या. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, दुसऱ्या वनस्पतीशी गल्लत झाली असं म्हटलं. वाद कुणीही जिंको, सिरोसिसच्या माणसाकडं प्रयोगाला लिव्हर शिल्लक नसतं. कावीळ उतरवायला देतात त्या मुळी-पाल्याबद्दलही हेच, त्यात काय असतं ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

गुळवेल_प्रेमी
आजीच्या काळात कुठं होतं हे सगळं?

शेंगदाणे_पोळी
आजीच्या काळात पेशंटही पुढच्या काळापर्यंत टिकत नव्हता.

संपादक मंडळ
काढा विरुद्ध गोळी यावर जुना धागा आहे. इथं विषयावर राहा. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

देसूर_फाटा
रिफॅक्सिमिनबद्दल कुणीच बोललं नाही. ५५० मिलीची गोळी दिवसातून दोनदा देतात ना?

रात्रपाळी
मिलीग्राम, मिली नाही, पत्रकात ही चूक नको. ५५० मिलीग्राम, दोन वेळा. आतड्यातच काम करणारं अँटिबायोटिक, रक्तात फारसं जात नाही. लॅक्टुलोज नीट चालू असतानाही दुसऱ्यांदा झटका आला तर त्याच्या जोडीला देतात. जोडीला, ऐवजी नाही. लोक महागडी गोळी घेतात आणि स्वस्त सिरप सोडतात, नेमकं उलटं. खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी लिहून देता येते. स्वतःच एक आड एक घेणं सुरू करू नका.

एल-ऑर्निथिन एल-अस्पार्टेटची पुडी आपल्याकडं सर्रास लिहितात. दवाखान्यात शिरेतून दिलेल्याचा उपयोग दिसतो, तोंडानं घेतलेल्या पुडीचा पुरावा तेवढा भक्कम नाही. पैशांची ओढाताण असेल तर आधी सिरप, मग रिफॅक्सिमिन, पुडी शेवटी.

अक्षरवेल
आणि अमोनियाची तपासणी?

रात्रपाळी
दर आठवड्याला तर मुळीच नको. नमुना बर्फात ठेवून लगेच यंत्रावर लावावा लागतो. खानापुरात रक्त काढून बेळगावला पाठवलं तर वाटेतच आकडा वाढतो. शिवाय आकड्यावर डोस ठरत नाही, शौचावर आणि माणसाच्या शुद्धीवर ठरतो. एकच उपयोग: भ्रम आहे आणि अमोनिया नॉर्मल आला तर दुसरं कारण शोधायचं.

सांबरा_नाका
दुसरं म्हणजे?

रात्रपाळी
साखर उतरली. सोडियम कमी झालं. पडून डोक्याला मार लागला आणि आत रक्त साठलं, सिरोसिसमध्ये रक्त गोठायचं तंत्र बिघडलेलं असल्यानं हे विसरायचं नाही. पक्षाघात. दारू अचानक सुटल्याची थरथर. जुन्या पिणाऱ्यात बी-१ची कमतरता, तिथं ग्लुकोजच्या बाटलीआधी थायमिनचं (म्हणजे बी-१चंच) इंजेक्शन द्यावं लागतं. म्हणून घरी ग्लुकोमीटर असेल तर आधी साखर बघा.

आणि झटका आला की 'का आला' हे शोधल्याशिवाय घरी जायचं नाही. बद्धकोष्ठ, पोटातल्या पाण्याला संसर्ग, लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तस्राव, अंगातलं पाणी कमी होणं, झोपेची गोळी, यांतलं काहीतरी बहुतेक सापडतं. पोटात पाणी असलेल्याला भ्रम आला तर सुईनं थोडं पाणी काढून तपासायलाच हवं, ताप नसला तरी. नातेवाईक 'पाणी काढलं की माणूस जातो' म्हणून अडवतात. तपासणीला काढतात ते सिरिंजभर असतं.

मार्कंडेय_काठ
मस्त चाललंय. गाडी कधी काढायची तेवढं कुणीतरी नीट लिहा. आमच्या बाजूला 'सकाळी बघू' ही सवय फार.

औषधीकट्टा
हाक मारून नीट जागा होत नाही. काळी डांबरासारखी शौच किंवा रक्ताची उलटी (लोहाच्या गोळीनंही शौच काळी होते, पण ती चिकट आणि घाण वासाची नसते). ताप किंवा पोटदुखी. दिवसभर लघवी नाही. पडला. सिरप नीट जाऊनही २४ तासांत शौच नाही आणि बोलणं बिघडतंय. यांतलं एक असलं तरी १०८.

गाडी येईपर्यंत कुशीवर झोपवा. गुंगीत असलेल्याच्या तोंडात सिरप ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. दवाखान्यात नाकातल्या नळीनं देतात, किंवा ३०० मिली लॅक्टुलोज ७०० मिली पाण्यात मिसळून एनिमा देतात, अर्धा ते एक तास आत धरून ठेवावा लागतो. घरी साबणाच्या पाण्याचा एनिमा नको, साबण आम्लाच्या उलटं काम करतो.

सोबत औषधांची पिशवी न्या, नुसती चिठ्ठी नाही. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांसकट. झोपेच्या गोळीचा पत्ता बऱ्याचदा त्या पिशवीतच लागतो.

हुक्केरी_एक्स्प्रेस
अवांतर: कार्ड कुठलं चालतं? महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू केली, इकडं आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहे. दोन्ही राज्यांचा लाडका जावई, आणि जेवायला कुठंच बोलवणं नाही.

देसूर_फाटा
यावर चार पानं होतील. कामाचं एवढंच: भरती व्हायच्या आधी दवाखान्याच्या योजना-खिडकीवर आजाराचं नाव आणि कार्ड दाखवून 'मंजुरी मिळते का' विचारा. गोळ्या-सिरपचा घरचा खर्च दोन्हीकडं आपलाच धरून चाला.

अक्षरवेल
प्रत्यारोपणाचं कुणी काढलं नाही.

रात्रपाळी
काढायला पाहिजे. उघड भ्रमाचा पहिला झटका हीच लिव्हर प्रत्यारोपण केंद्राकडं एकदा दाखवायची वेळ. लोक तिसऱ्या-चौथ्या झटक्यानंतर जातात, तेव्हा स्नायू गेलेले असतात. कर्नाटकात मृत दात्याच्या अवयवांची यादी जीवसार्थकते ही संस्था सांभाळते. नावनोंदणीसाठी त्याच राज्याचा रहिवासी दाखला हवा ही अट केंद्रानं २०२३ मध्ये काढायला सांगितली, त्यामुळं बंगळूर की पुणे हे सोयीनं ठरवता येतं. 'आपलं नाही ते' म्हणून सोडू नका, घरातला दाता चालतो का हे तपासल्याशिवाय कळत नाही.

मार्कंडेय_काठ
पत्रकाच्या वरच्या भागात हातांची चाचणी, प्राण्यांची नावं आणि शौचाचा आकडा घेतोय. मधे खाणं. खाली लाल चौकटीत १०८. झोपेच्या गोळीचं वाक्य दुकानदारांसाठी वेगळ्या कागदावर. मागच्या बाजूला महिन्याचा तक्ता छापावा का? रोज शौच किती वेळा, सिरप किती मिली, झोप कधी लागली.

औषधीकट्टा
छापा की. पण तीनच रकाने ठेवा, चौथा कुणी भरत नाही. शौचाच्या रकान्यात उभ्या रेघा मारायला सांगा, लिहिता न येणाऱ्यालाही जमतं. आणि दुकानात पत्रकाबरोबर मापाच्या टोपणावर १५ मिलीच्या रेघेवर मार्करनं काळी पट्टी ओढून द्यायची. त्या कोरलेल्या रेघा संध्याकाळच्या दिव्यात दिसत नाहीत.

हुक्केरी_एक्स्प्रेस
कन्नड भाषांतर मी करतो. वॉर्डातल्या सिस्टरकडंही तोच कागद असू दे.